‘आपण’ कोणाचे? कथासमीक्षेतील एका सोयीस्कर विभागणीविषयी

‘प्रस्तुत कथेचे निवेदन तृतीयपुरुषी आहे’ असे लिहून झाले की निवेदनाचा विचार संपला, अशी आपल्या कथासमीक्षेची, विशेषतः विद्यापीठीय प्रबंधांची, समजूत दिसते. पुरुषभेदावर आधारलेली विभागणी फारसे काही सांगत नाही, असे वेन बूथ यांनी १९६१ मध्येच बजावले होते. ‘कोण पाहते’ आणि ‘कोण बोलते’ हे प्रश्न झेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये वेगळे केले. ही नावे पहिल्या प्रकरणात आदराने येतात. प्रत्यक्ष कथा हाती घेतली की त्यांचा मागमूस राहत नाही. त्याहून गंभीर बाब ही, की मराठी सर्वनामांकडे पाहण्याचे कष्टही क्वचितच घेतले जातात.

एक उदाहरण रचून पाहू : ‘सदाशिव ओट्यावर टेकला. आपण चुकलो. काकांना आधीच सांगायला हवे होते. ते आता ऐकून घेतील का?’ येथे ‘त्याला वाटले’ असे कोठेही म्हटलेले नाही. तरी दुसरे वाक्य सदाशिवाच्या मनातले आहे, याविषयी वाचकाला संशय येत नाही. त्याऐवजी ‘तो चुकला’ असे लिहिले तर कबुलीचा निवाडा होतो, आणि तो निवाडा निवेदकाच्या नावावर जमा होऊ शकतो. इंग्रजीच्या मुक्त अप्रत्यक्ष निवेदनात दोन्ही ठिकाणी सामान्यतः एकच सर्वनाम येते. म्हणून तेथील अभ्यासकाला काळ, क्रियाविशेषणे, संदर्भ यांचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे भाषेनेच खूण करून ठेवली आहे. आपण मात्र क्रियापदांचे काळ तपासत बसतो!

आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मालक ‘ते’ आणि गडी ‘तो’ ही उतरंड कोणाची? कथा मालकाच्या मुलाच्या मनातून दिसत असेल, तर ती त्या मुलाची. तिच्यासाठी लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा उतावळेपणा होय. पण कथा गड्याच्या मनात शिरल्यावरही तो ज्यांना मानतो ती माणसे एकेरीतच राहिली, तर ती उतरंड निवेदकाची आहे, आणि तेथे समीक्षकाने गप्प राहता कामा नये. (अनेक बोलींत बापालाही एकेरीच संबोधतात, हे खरे, म्हणून तर आधी बोली तपासायची.)

‘आपण’ संदिग्ध आहे, ते वाचकालाही पोटात घेते, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. सदाशिवाच्या चुकीत वाचकालाही ओढायचे असेल, तर लेखकाला दुसरे कोणते सर्वनाम उपयोगी पडले असते?