सुट्टीतली शाळा : रबरी बेडूक आणि लाल पिल्लं

बालदोस्तांनो, परीक्षा संपल्या, दप्तरं खुंटीला लागली आणि तुमच्या पत्रांचा पाऊस सुरू झाला! सांगलीकडच्या एका सातवीतल्या दोस्तानं विचारलंय, "बाई, मी मोबाईलवर पाहिलं. अमेरिकेतला एक माणूस रबरी बेडूक पाण्यावर उड्या मारत नेतो आणि बास नावाचा मासा त्यावर झडप घालतो. आपल्याकडे असा मासा आहे का? तो धरायला काय काय लागतं?"

आहे तर! त्याचं नाव मरळ. आणि तुमच्या या बाई खडू हातात धरायच्या आधी गळ धरायला शिकल्या होत्या, बरं का! भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाला लागून मोठा मालगुजारी तलाव. माझे आबाजी, म्हणजे आजोबा, या कामातले माझे गुरुजी. तेव्हा आजची शाळा तलावाच्या पाळीवर.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. हा बास म्हणजे लार्जमाउथ बास. नावाप्रमाणेच तोंड मोठं. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या गोड्या पाण्यातला. पाणगवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि बेडूक, छोटा मासा जवळ आला की गट्ट! जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात एक बास धरला. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. जागतिक विक्रम! पेरीनं त्याचं काय केलं असेल? घरी नेऊन खाल्ला! पुढे तब्बल ७७ वर्षांनी, २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून एखाद्या औंसानं जड बास धरला. पण विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो. म्हणून तो विक्रम दोघांच्या नावावर लागला.

आता आपली मरळ. बास आणि मरळ यांचं नातंगोतं काही नाही, पण सवयी मात्र जुळ्या भावंडांसारख्या. मरळीचं डोकं सापासारखं चपटं, अंग लांबट, आणि पाठीवरचा पर मानेपासून शेपटीपर्यंत गेलेला. तीही कमळाच्या पानांखाली दबा धरते. तिची एक गंमत ऐका. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. कल्ल्यांच्या वर तिला हवा घ्यायची खास जागा असते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घेते. मासेमाराला तिचा पत्ता लागतो तो यामुळेच.

चला, आता साहित्य जमवू या.

काठी : अमेरिकेतली काठी काचतंतूची किंवा कार्बनची असते, तिला रीळही असतं. आपल्याला आठ-दहा फुटांचा बांबू पुरे. बुडाशी अंगठ्याएवढा, शेंड्याला पेन्सिलीहून बारीक. तो सावलीत वाळवायचा, उन्हात तडकतो. मग शेंडा धरून वाकवून पाहा. हळूच वाकला आणि सोडताच सरळ झाला, तर काठी पास! वाकलेलाच राहिला तर नापास.

तंगूस : दोरी म्हणून नायलॉनचा तंगूस घ्या. लहान माशांना पाव मिलिमीटर जाडीचा चालतो. मरळीला दात आहेत आणि गळाला लागली की ती सरळ वेलीत घुसते, म्हणून तिच्यासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा हवा. मग सगळीकडे जाडच का नको? कारण जाड तंगूस पाण्यात लवकर दिसतो आणि रोहूसारखा सावध मासा जवळ फिरकत नाही.

गळ : गळाच्या नंबरांचं गणित उलटं आहे. १० नंबरचा गळ लहान, ८ चा त्याहून मोठा, १ चा आणखी मोठा. त्यापुढे १/०, २/० असे नंबर लागतात आणि गळ वाढत जातो. गळाच्या टोकाजवळ एक उलटा दात असतो. तो पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि तुमच्या बोटात रुतला तर बोटही फाटत नाही.

गाठ : तंगूस गळाच्या भोकातून काढा, त्याच्याच अंगाभोवती पाच वेढे द्या आणि टोक गळाजवळच्या फासातून ओवून घ्या. ओढण्याआधी गाठ ओली करा. कोरडी गाठ ओढली तर घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. 'एवढा मोठा होता, पण सुटला' असं म्हणणाऱ्या दहा जणांतल्या निम्म्यांची गाठ कोरडी असते, असं आबाजी म्हणायचे!

तरंगणारी खूण आणि वजन : मोरपिसाचा देठ किंवा सणकाडीचा वीतभर तुकडा तंगूसाला बांधा. तो डुबकन बुडाला की समजा, कुणीतरी दार वाजवतंय. वजनाला शिसं नको. शिसं विषारी असतं आणि तुटून तलावात राहतं. सायकलचा छोटा नट छान काम करतो.

आता आमिष. इथं मी तुम्हांला एक युक्ती सांगते. बाजारात मासा पाहिलात, तर आधी त्याचं तोंड पाहा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचं खाली वळलेलं, कारण तो तळ चिवडतो. रोहू मधल्या थरात. म्हणजे तोंडच सांगतं, गळ किती खोल सोडायचा! रोहू-मृगळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ चालतं. शिंगाडा तळाशी वासावर येतो, त्यालाही गांडूळ आवडतं.

मरळीला मात्र हलतं-चालतं खाणं लागतं. पूर्वी लोक जिवंत बेडूक गळाला लावत. तुम्ही तसं करू नका. बेडूक शेतातले किडे खातो, आणि त्याला गळात ओवणं पाहवतही नाही. इथंच त्या दोस्तानं पाहिलेला रबरी बेडूक कामी येतो. तो मूळचा बाससाठी तयार झाला, आता आपल्याकडे मरळीसाठीही वापरतात. तो आतून पोकळ असतो आणि दोन्ही गळांची टोकं त्याच्या पाठीला चिकटून असतात, म्हणून वेलीत अडकत नाही. माशानं तोंडात धरला की रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. आहे की नाही डोकं?

साहित्य झालं, आता रीत. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. तिनं त्याला पाण्यातली बारीक थरथर कळते. म्हणून काठावर धपाधप चालायचं नाही. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. वेळ पहाटेची किंवा उन्हं कलल्यावरची. कमळाच्या पानांत 'बुळुक' असा आवाज झाला, बुडबुडे आले, की मरळ हवा घेऊन गेली. तिथंच बेडूक आपटायचा नाही. हातभर पलीकडे टाकायचा, पानावरून सरकवत आणायचा, थांबवायचा, पुन्हा सरकवायचा. पाणी उसळलं तरी लगेच झटका द्यायचा नाही. मनात एक, दोन म्हणायचं, मगच काठी उचलायची. घाई केली तर बेडूक तिच्या तोंडातून निसटून तुमच्याच अंगावर येतो! बास धरणाऱ्यांचाही हाच धडा असतो.

इथवर सगळं मजेचं. आता जे सांगणार आहे, ते मी आजवर माझ्या वर्गात दोनदाच सांगितलंय.

मी पाचवीत होते. रोवण्याचे दिवस, धो धो पाऊस होऊन गेलेला. शाळेतून येताना तलावाच्या कडेला मला पाण्यात ताटाएवढा लालभडक गोळा दिसला. जवळ जाऊन पाहते तर शेकडो इवली इवली पिल्लं, गुलाल सांडल्यासारखी, एकत्र वर-खाली होत होती. खाली एक काळी सावली हलली. मरळ! मी धावत घरी गेले आणि कुणाला न विचारता आबाजींची काठी आणली. गांडूळ लावलं, गळ त्या गोळ्यात सोडला. एरवी तास तास न हलणारी मरळ, तिनं क्षणात झडप घातली. हातभर लांबीची मरळ! ती फरफटत घरी आणली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आबाजींनी विचारलं, "कुठं घावली?" मी सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. शाबासकी नाही, रागही नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत फुशारकी मारली, जागाही सांगून टाकली. संध्याकाळी वर्गातल्या एका मुलाच्या दादानं तिथूनच दुसरी मरळ काढली. ती त्या पिल्लांच्या जोडप्यातली उरलेली होती.

तिसऱ्या दिवशी आबाजी मला हात धरून तिथं घेऊन गेले. गोळा उरलाच नव्हता. दोन-चार लाल ठिपके पाण्यावर भरकटत होते आणि खालून कुठला तरी मासा येऊन एकेक टिपत होता. आम्ही तिथं उभे असतानाच तेही संपले.

"तिले भूक नव्हती लागली, पोरी," आबाजी म्हणाले. "थे पोराईची राखण करत होती. तुझा गळ म्हणजे चोर वाटला तिले."

त्या रात्री आईनं रस्सा केला होता. मी पाणी पिऊन झोपले.

दोस्तांनो, मरळीचं जोडपं अंडी घातल्यावर तिथून हलत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत आजूबाजूला फिरत राहतं आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतं. पावसाळ्यात त्या लाल गोळ्यात गळ टाकणं सर्वांत सोपं असतं, त्यात कसब शून्य. बासचंही तसंच. वसंतात नर शेपटीनं तळ झाडून घरटं करतो आणि अंडी राखतो. त्याला थोडा वेळ जरी वर काढलं, तरी टपून बसलेले मासे अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून तिकडच्या काही राज्यांत त्या दिवसांत बास धरायला बंदी असते. बासच्या मोठ्या स्पर्धांतही १९७२ पासून मासा जिवंत ठेवून, वजन करून परत सोडायची पद्धत रुजली. पेरीसारखं ताटात नाही!

आणखी एक गोष्ट. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीचं एक चिनी भावंड सापडलं. कुणीतरी विकत आणलेले जिवंत मासे तिथं सोडून दिले होते. ते वाढून तिथले मासे खातील म्हणून सरकारला सगळं तळं औषध घालून रिकामं करावं लागलं. म्हणजे राखण करणारी आपली गुणी मरळ परक्या पाण्यात गेली की आपत्ती ठरते. तेव्हा घरच्या काचपेटीतला मासा कधीही तलावात सोडू नका.

आता आपले नियम वहीत लिहून घ्या :

१. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही. गळ अडकला तर तंगूस तोडा, पाण्यात उतरू नका.

२. काठी उचलण्याआधी वर पाहा. विजेच्या तारेखाली गळ टाकायचा नाही. ओला बांबू जिवावर बेततो.

३. बरेच तलाव मच्छीमार संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात. विचारल्याशिवाय मासा धरणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातली भाकरी उचलणं.

४. मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच. कोरड्या हातांनी ते निघून जातं.

५. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत तो अडकतो.

६. गळ बोटात खोल रुतला तर ओढाओढी नको, सरळ डॉक्टरांकडे.

आणि सातवा नियम माझा स्वतःचा. लाल गोळा दिसला की काठी खाली ठेवायची, आणि ती जागा कुणालाही सांगायची नाही.

मासे न खाणाऱ्या दोस्तांनी गळ टाकायलाच हवा असं मुळीच नाही. पावसाळ्यात आईबाबांना घेऊन तलावाच्या पाळीवर पंधरा मिनिटं गप्प बसा. किती वेळानं मरळ हवा घ्यायला वर येते ते घड्याळ लावून मोजा आणि मला लिहून पाठवा. ज्याच्या वहीत सर्वांत जास्त नोंदी, त्याचं पत्र आपण या पानावर छापू.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर गाठी ओल्या करून ओढायचा सराव करा, पण घरातच हं!

तुमच्या बाई