टोकन साहेबांचं, हात ऑपरेटरचा
मोहोळ-माढ्याकडचा शेतकरी खरेदीखत घेऊन चावडीवर येतो तेव्हा त्याला वाटतं, सगळं तलाठ्याच्याच हातात आहे. तसं नाही. ई-फेरफारमध्ये, म्हणजे जमिनीच्या फेरफार नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीत, तलाठी स्वतःच्या लॉगिनने नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतींसाठी १५ दिवस थांबतो. पण ती नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनला. भूमिकेनुसार प्रवेश देण्याच्या या पद्धतीची रीतसर मांडणी १९९२ साली फेराइओलो आणि कुन या अमेरिकी संशोधकांनी केली. आमच्याकडे मात्र लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही वाटणी १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्येच होती. प्रोग्रॅमरने ती फक्त उतरवून घ्यायची. गोम पुढेच आहे. साहेबांची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, डिजिटल सही राहते बोटभर यूएसबी टोकनमध्ये. साहेब दौऱ्यावर गेले, काम तुंबलं, की कुठल्याही कचेरीत हे टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये जायला आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटायला वेळ लागत नाही. (चिठ्ठी सहसा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची!) यंत्राला काय, टोकन लागलं म्हणजे साहेब आले. नोंदीखाली नाव त्यांचंच उमटतं, आणि चौकशी लागली तर खुलासाही त्यांनीच द्यायचा.