कुजलं नाही म्हणून कळलं

पावसाळ्यात फ्रिजबाहेर राहिलेली भाजी दुसऱ्या दिवशी काय होते, हे हॉस्टेलवर राहणाऱ्यांना सांगायला नको. ओलावा, हवा आणि जिवाणू एकत्र आले की काहीच टिकत नाही. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीचं शेण कसं टिकतं?

चेष्टा नाही ही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांमध्ये डायनासोरची हाडं सापडतात आणि त्यांच्या शेणाचे दगडही. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजात तुमच्यापैकी काहीजण शिकत असतील, ते ज्यांच्या नावाने आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच या भागातले जीवाश्म गोळा केले होते.

जीवाश्म बनणं हा नियम नाही, अपवाद आहे. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं तर कोल्हे-गिधाडं, किडे आणि शेवटी जिवाणू त्याचा फडशा पाडतात. निसर्गाचं काम चोख चालतं, म्हणूनच आपल्याला काही उरत नाही. पण नदीच्या पुराने किंवा तळ्याच्या गाळाने ते लगेच झाकलं गेलं की हवा तुटते आणि कुजण्याचा वेग मंदावतो. मग गाळातून झिरपणारं पाणी आपल्यासोबत खनिजं आणतं. ती हाडातल्या बारीक पोकळ्यांत बसतात, काही वेळा मूळ पदार्थाची जागाच घेतात. आकार तोच, माल मात्र दगडाचा. शेणाचं तर आणखी अवघड. ते मऊ, पहिल्या पावसात वाहून जाणारं. त्याला झटपट गाडलं जाण्याचं नशीबच लागतं.

आता खरी गंमत. 2005 साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे हे शेणगोटे तपासून ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध लिहिला. शेणात त्यांना फायटोलिथ सापडले. गवताचं पातं ओढताना बोट कापतं ना? त्या पात्याच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, तेच हे. पातं कुजतं, पोटात पचतं, पण हे कण मुळातच काचेसारखे असल्याने कुजायचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. तोवर अशी समजूत होती की गवतं फोफावली ती डायनासोर संपल्यानंतर. पिसदुऱ्याच्या शेणाने सांगितलं की साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी भात आणि बांबूच्या नात्यातली गवतंसुद्धा होती, आणि डायनासोर ती खात होते. एका शेणगोट्यामुळे पाठ्यपुस्तकातलं वाक्य बदललं!

म्हणूनच तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. स्टडी टूरला गेल्यावर ‘आठवण’ म्हणून दगड खिशात टाकायची सवय सोडा. जीवाश्माची निम्मी माहिती तो कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता यात असते. तिथून उचलून शोकेसमध्ये ठेवला की राहतो फक्त शोभेचा दगड. कोट्यवधी वर्षं जिवाणूंपासून वाचलेली वस्तू आपल्या बॅगेत संपते. (आमच्या बॅचच्या सहलीतही हे झालं, त्यामुळे उपदेशाचा आव आणत नाही. माझ्या दगडाचं पुढे काय झालं, मलाच आठवत नाही.)

दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही. किल्ला किंवा लेणं संरक्षित करायला कायदा आहे, तेवढं बळ शेतात पडलेल्या जीवाश्माला नाही. भूवारसा स्थळांसाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता. तो शोधून वाचा. आणि पुढच्या टूरला असा दगड दिसला तर जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी नाहीतर पेन ठेवा, मोबाइलवर लोकेशन टिपा आणि आपल्या भूशास्त्राच्या सरांना-मॅडमना दाखवा. दगड मात्र तिथेच राहू द्या.