पुडक्यांची पंगत

आमच्या भिवंडींत सायंकाळीं अंजूर फाट्यावर जो एकदां थांबला आहे, त्यास रांग म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. गोदामांतून निघालेले मालाचे ट्रक एकामागें एक उभे असतात आणि त्यांत एखादी शाळेची गाडी अडकून पडते. रांगेचा नियम एकच : जो आधीं आला तो आधीं जाईल. नियम दिसावयास न्यायाचा. पण ज्याचे ट्रक पन्नास, त्यास जागाही पन्नास!

हाच प्रकार सांप्रत घरोघरीं इंटरनेटच्या बाबतींत घडतो. नातू चित्रपट उतरवून घेत असतो, आणि त्याच वेळीं आजीचें परदेशांतील लेकीशीं चाललेलें बोलणें तुटूं लागतें. घरचीं माणसें कंपनीस दोष देतात. दोषाचें मूळ पुष्कळदां रांगेंत असतें, हें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

संगणकांच्या जाळ्यांतून आवाज वा चित्र अखंड जात नाहीं. त्याचीं पुडकीं केलेलीं असतात. त्यांसच पॅकेट म्हणतात. एक पुडकें बहुधा १५०० बाइटांहून मोठें नसतें. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर राउटर हें यंत्र पत्ता पाहून तें पुढें धाडतें. गर्दी झाली कीं रांग लागते. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचें विद्यापीठ यांमधील अवघ्या ४०० यार्डांच्या वाटेवर वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. पाठविणाऱ्यांनीं गर्दी पाहून हात आंखडावा, असा उपाय व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं मांडला. पण जो हात आंखडणारच नाहीं, त्याचें काय?

त्याचा बंदोबस्त नाक्यावरच हवा. जॉन नेगल यांनीं १९८५ सालींच सुचविलें होतें कीं, प्रत्येकाची रांग वेगळी करावी आणि पंगतींतील वाढप्याप्रमाणें पाळीपाळीनें एकेक पुडकें घ्यावें. यांत एक खोट राहिली : ज्याचें पुडकें मोठें, त्याचा वांटा मोठा. १९८९ सालीं डेमर्स, केशव व शेंकर यांनीं बिटाबिटाचा हिशेब धरून ती दूर केली. परंतु रांगा वाढल्या कीं पुढचें पुडकें निवडण्याचें कामही वाढे.

सोपी युक्ति १९९५ सालीं एम. श्रीधर व जॉर्ज वर्गीस यांनीं काढली. यांपैकीं वर्गीस हे पवईच्या आय. आय. टी. चे पदवीधर. प्रत्येक रांगेस दर फेरीस ठराविक वांटा द्यावयाचा. समजा, १५०० बाइट. पहिलें पुडकें १००० चें गेलें, ५०० उरले. दुसरें ९०० चें, तें मावत नाहीं, म्हणून थांबावें. पुढील फेरीस ५०० अधिक १५०० असे २००० होतात, आणि तें सुखानें जातें. मात्र रांग रिकामी झाली कीं शिल्लक रद्द. वांटा सर्वांत मोठ्या पुडक्याएवढा ठेवला, तर रांगा दहा असोत वा दहा हजार, प्रत्येक पुडक्यामागचें काम वाढत नाहीं. हीच कल्पना थोड्या फेरफारानें एफक्यू-कोडेल या पद्धतींत आली. तिचा तपशील २०१८ सालीं प्रसिद्ध झाला आणि ती कित्येक घरगुती राउटरांत असते.

या युक्तीनें रस्ता रुंद होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. परंतु आजीच्या लहानशा पुडक्यांस नातवाच्या ढिगामागें तिष्ठावें लागत नाहीं. म्हणून अधिक वेगासाठीं अधिक पैसे भरण्यापूर्वीं, आपल्या राउटरांत अशी सोय आहे कीं नाहीं, हें घरांतील जाणत्या मुलाकडून पाहून घ्यावें.

आणखी एक. थांबावें लागलें त्याची बाकी पुढें ओढावी, जो पंगतींतच नाहीं त्याची ओढूं नये, एवढाच हा हिशेब. आपल्या मोठ्या कुटुंबांतून सर्वांस वाढून शेवटीं पानावर बसणारीची बाकी कोणीं कधीं मांडून ठेविली आहे काय? यंत्रास जें साधलें, तें गृहस्थांस साधूं नये असें नाहीं.