शर्ट कामाचा, साडी कलेची

ऊसतोडीच्या फडात बायका साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून कोयता चालवतात. उसाचं पान हाताला कापतं, ऊन अंग भाजतं, म्हणून हा शर्ट. तो बहुतेक घरातल्याच कुणा पुरुषाने वापरून जुना केलेला. कॉलर विरलेली, एखादं बटण दुसऱ्याच रंगाचं. कापूस वेचताना, रस्त्यावर खडी टाकताना हाच वेश दिसतो. त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण तसाच जुना, ढगळ शर्ट शहरातल्या एखाद्या मुलीने केस बारीक कापून, आवड म्हणून घातला की घरात प्रश्न सुरू होतात. मुलाने साडी नेसली तर नुसत्या प्रश्नांवर भागत नाही. या सदरासाठी कपड्यांकडे पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्त्री-पुरुषांच्या वेशाची अदलाबदल आपल्याला मुळीच नवी नाही. कामासाठी, कलेसाठी, देवासाठी ती आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतली आहे. माणूस ती स्वतःच्या मर्जीने करू लागला की मात्र ती आपल्याला खुपते.

कलेची साक्ष तर भक्कम आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. त्याच काळात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर भामिनी, रुक्मिणी, सिंधू उभ्या करत होते, आणि नाटकाला आलेल्या घरंदाज बायका त्यांचं नेसणं, अंबाडा, गजरा डोळ्यांत साठवून घरी तसंच करून पाहत होत्या. यावर ठरलेलं उत्तर असं की, तेव्हा स्त्रियांना रंगभूमी बंद होती, पुरुषांनी साडी नेसली ती नाइलाजाने. नाइलाजाने सुरुवात कशी झाली ते कळतं, पण आवड का टिकली ते कळत नाही. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यानंतरही, वयाची पन्नाशी उलटल्यावरही, बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते आणि रसिक त्यांच्या नाटकांना जात होते. बायका एका पुरुषाकडून बाईपणाचा डौल शिकत होत्या. तो जन्मजात असता, तर शिकावा कशाला लागला असता?

ही मान्यता सगळ्यांना सारखी मिळाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला टिंगलच आली. गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या इतका जिवंत केला की खऱ्या आयुष्यातही त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला पहिलवान गुणाही नाच्या होऊन याच वाटेने जातो. यल्लम्माला सोडलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्याच्या परडीत लोक श्रद्धेने जोगवा घालतात, त्याला शेजारी घर द्यायची वेळ आली की मागे सरतात. साडी तीच असते. ती नेसणाऱ्याची जात, त्याची ऐपत आणि समोरचा प्रेक्षक कोण, यावर तिची किंमत ठरते.

स्त्रीवादी मंडळींचा एक आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पुरुषाने बाई व्हायचं म्हणजे बाईची नक्कल करून हशा मिळवायचा, असं त्या म्हणतात. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसून आलेल्या पुरुषाकडे पाहिलं तर हे नाकारता येत नाही. तिथे विनोद कुणावर आहे? बाईच्या जाडीवर, तिच्या आवाजावर, तिच्या लग्न न जमण्यावर. असा विनोद मला अपमानास्पद वाटतो. पण ज्याला ड्रॅग म्हणतात ती कला, जेव्हा मन लावून केली जाते, तेव्हा बाईपण ही केवढ्या मेहनतीची रचना आहे हे दाखवते. जानेवारी २०२०मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात 'टाय अँड सारी डे'ला तीन विद्यार्थी साड्या नेसून आले. साडी नेसणं आणि नेसून चालणं किती कठीण आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मैत्रिणी रोज काय सांभाळतात याचा अंदाज मुलांना असा आला, तर त्यात स्त्रीची चेष्टा कुठे झाली?

राहिला पाश्चात्त्य फॅडचा आरोप. वेश बदलून पाहायला वापरलेले कपडे स्वस्तात घेणं, म्हणजे थ्रिफ्ट, हा शब्द नवा असेल, व्यवहार जुनाच आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका दारोदार फिरून गाठोडी जमवतात; ते कपडे निवडून, धुऊन, सांधून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येतात. मॉलमध्ये पुरुषांचा विभाग वेगळा, बायकांचा वेगळा. मुलगी चुकून तिकडे वळली तर विक्रेता लगेच 'लेडीज तिकडे' म्हणून हात दाखवतो. जुन्या कपड्यांच्या ढिगात असं सांगणारं कुणी नसतं. तिथे पोत पाहायचा, शिवण ओढून पाहायची, कपडा अंगाला लावून बघायचा. खांदा उतरत असेल तर आल्टर करणारा शिंपी आहेच. किंमत इतकी कमी की फसलं तरी घरात बोलणी खावी लागत नाहीत. खिशात फारसे पैसे नसलेल्या, स्वतःला चाचपडत असलेल्या तरुणांना अशी करून बघायची जागा लागते, आणि नव्या कपड्यांच्या दुकानांनी ती त्यांना दिलेली नाही.

यातला सर्वांत अवघड प्रश्न तृतीयपंथीयांचा आहे. ज्यांना वेशाचा हा खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, त्यांचं कौतुक. ज्यांच्यासाठी तो खेळ नाही, जगणं आहे, त्यांना सिग्नलवर शिव्या. ही विषमता खरी आहे. मात्र तिच्यावर उपाय म्हणून हौसेने वेश बदलणाऱ्यांना गप्प बसवलं, तर तृतीयपंथीयांच्या पदरात काही पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात वेशाची निवड हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला, तो खटला तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता. त्यांनी लढून मिळवलेल्या त्या तत्त्वाचा आधार ढगळ शर्ट घालणाऱ्या मुलीलाही आहे, तेव्हा तिनेही त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. महाविद्यालयांनी तर लगेच करण्यासारखं एक काम आहे. जी मोकळीक एखाद्या 'डे'ला मिळते, ती वर्षभर द्यावी. नियमावलीतले मुलांचा वेश, मुलींचा वेश असे दोन रकाने काढून टाकावेत आणि कपडे स्वच्छ व नीटनेटके असावेत, एवढंच सगळ्यांसाठी लिहावं. पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी हे सहज करता येईल.