घाई नसलेलं घर

नाताळच्या अंकाचं संपादकीय यंदा माझ्याकडे आलं, त्याचं कारण उघड आहे. मंडळाच्या कार्यकारिणीत ख्रिस्ती मी एकटीच.

मेलबर्नच्या डिसेंबरात करंज्या तळणं ही शिक्षाच, पण नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या. वसईकरांकडे तळलेले फुगे. ‘तुम्हीपण हेच करता?’ असं मंडळात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. करतो. अभंगही म्हणतो, कवी ना. वा. टिळकांचे, आणि तेही पेटी-तबल्यावर.

हे झालं सणाचं. रोजच्या दिवसाचं मात्र अवघड असतं. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसायचं, शास्त्रपाठ, एखादं गीत, मग प्रार्थना, ही आमच्या घरांची जुनी रीत. इथे ती मोडते ती मुलं चौदा-पंधराची झाली की. कुणाला प्रोजेक्ट असतो, कुणाला मराठी कळत नाही, कुणी सरळ सांगतं की मला हे पटत नाही. मग रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी आयांची कुजबुज सुरू होते आणि सल्ले येतात: फोन काढून घ्या, वेळ ठरवून द्या, पाळकसाहेबांना बोलायला सांगा. मुलांना धाकाने खुर्चीवर बसवता येतं, इतपतच माझा या सल्ल्यांवर विश्वास आहे.

मला अशा वेळी टिळकांचंच घर आठवतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला विश्वासात न घेता. बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं. त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, आणि पुढे काही वर्षं नवरा-बायको वेगळी होती. लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं बरोबर घेऊनच आल्या. बायकोला न विचारता एवढा मोठा निर्णय घेणाऱ्या या माणसाने नंतर मात्र तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातीची शिवाशिव गळून पडली, ख्रिस्त त्यानंतर आला. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने.

आदर्श कुटुंब म्हणून हे घर कुणी दाखवणार नाही, आणि मला ते आवडतं तेही त्यामुळेच. टिळक तापट, लहरी. पैसा हातात आला की दारी आलेल्याच्या हातात जायचा. लक्ष्मीबाई संसार ओढत, भांडत, युक्त्या करत. त्यातच पोरक्या मुलांना घरात जागा मिळायची. हे सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय ते नवऱ्याला देव न करता आणि स्वतःलाही हसत. आपल्याकडच्या कितीतरी धार्मिक पुस्तकांमधली कुटुंबं इतकी गुळगुळीत असतात की त्यांत पाय ठेवायला भीती वाटते.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्याने आपल्याच घरात दोन श्रद्धा एका छपराखाली नांदवल्या, त्याला हे सुचलं याचं मला तरी नवल वाटत नाही.

टिळक बायकोसाठी थांबले, पण थांबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, गीतं लिहिणं बंद केलं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलगी प्रार्थनेला बसत नाही. आईवडील तरीही रोज बसतात, दोघंच, दार उघडं ठेवून. प्रार्थनेत तिच्या नावाने टोमणे मारत नाहीत. (प्रार्थनेतून टोमणे मारणं ही आपल्या समाजातली एक प्रगत कला आहे, जाणकारांना सांगायला नको.) त्यांच्या मुलाचं लग्न एका हिंदू मुलीशी ठरलंय, तेव्हा पुढच्या गणपतीत मोदकही त्या घरात शिजतील. चर्चमधल्या काहींना हे रुचलेलं नाही. मला विचाराल तर त्या घरी जेवायला जाताना माझं पाऊल हलकं पडतं, आणि ज्या घरात सगळे वेळेवर प्रार्थनेला बसतात पण जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही, तिथे जाताना जड पडतं.

ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला आहे. मराठी प्रती मंडळाच्या ग्रंथालयात दोन आहेत. एक कपाटात आहे. दुसरी गेल्या पाडव्यापासून कुणाकडे तरी आहे, आणि वहीत नाव लिहिलेलं नाही. नाताळच्या कार्यक्रमाला येताना घेऊन आलात तर प्रश्न विचारले जाणार नाहीत.