सेवेस निघालेल्यांची नोंद

केजहून आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे पत्र आले आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्या गावच्या एका शाळेत ते आणि आम्ही नवशिके मास्तर होतो. पुढे आम्ही वृत्तपत्राच्या वाटेला लागलो, ते शाळेतच राहिले. त्यांच्या कन्येने नुकताच परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला असून, एका सेवाभावी संस्थेच्या तुकडीबरोबर नेपाळच्या डोंगराळ भागात चार आठवड्यांच्या आरोग्य शिबिरास जाण्याचे तिने मनात घेतले आहे. 'तुम्हीच सांगा, पाठवू का?' एवढाच त्यांचा प्रश्न. खाली आणखी एक ओळ आहे : 'किल्लारीला आपण काय केले ते मी तिला अजून सांगितलेले नाही.'

ते आता येथेच सांगून टाकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील भूमी हादरली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते कोठे झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जड माळवद, अशा घरांनी आपल्याच माणसांना गाडले. आठ ते दहा हजार माणसे गेली. केजमध्येही भांडी वाजली होती. दुपारपर्यंत वार्ता आली आणि आम्ही दहाबारा तरुण एका ट्रकमध्ये चढून अंबाजोगाई-लातूर-औसा असे निघालो. बरोबर भाकरी होत्या, जुने कपडे होते, आणि उत्साह तर भरपूर होता. पहार, टिकाव, घमेली यांतले काहीही नव्हते. औशाच्या पुढे आमच्यासारख्यांच्याच वाहनांनी रस्ता अडला होता. पोहोचलो तेव्हा ढिगारा कोठून उपसावा हे सांगणारे कोणी नव्हते, आणि सांगितले असते तरी उपसण्याचे साधन हाती नव्हते. त्यात पाऊस आला. दुसऱ्या रात्री ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांच्यासाठी आलेल्या अन्नातून आम्ही जेवलो, आणि आम्हांस कोरडी जागा शोधून देण्यासाठी एका थकल्याभागल्या कर्मचाऱ्यास तासभर खर्चावा लागला. आम्ही मदतीस गेलो होतो असे आम्ही पुढे अनेक वर्षे सांगत आलो. ते सर्वस्वी खरे नव्हते.

हा प्रसंग निदान आपल्या मुलखातला, आपल्या भाषेतला. पाय आपटत का होईना, घरी परतणे शक्य होते. परक्या देशात सेवेस गेलेल्या माणसावरच आपत्ती कोसळते तेव्हा काय होते, याचे सर्वांत करुण उदाहरण हैतीचे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या लिन विद्यापीठाचे १२ विद्यार्थी आणि २ प्राध्यापक जानेवारी २०१० मध्ये तेथील दरिद्री वस्त्यांत अन्नवाटपासाठी गेले होते. १२ जानेवारीच्या सायंकाळी भूकंप झाला आणि पोर्ट-ओ-प्रिन्समधील त्यांचे मुक्कामाचे हॉटेल मॉन्टाना कोसळले. ८ विद्यार्थी परतले; ४ विद्यार्थिनी आणि दोन्ही प्राध्यापक परतले नाहीत. छप्पर कोसळल्यावर कोणतीही पूर्वतयारी कामास आली नसती, हे उघड आहे, आणि म्हणून त्या मुलींना अविचारी ठरविणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु त्यानंतर जे घडले त्याविषयी बोललेच पाहिजे. मुली सापडल्या, हेलिकॉप्टरने परत येत आहेत, असा निरोप पालकांस मिळाला. तो चुकीचा होता. ढिगाऱ्याखालून एका मुलीचा देह हाती यावयास ३३ दिवस लागले. आईला पाठविलेल्या अखेरच्या संदेशात आपल्याला येथे अनाथाश्रम काढावयाचा आहे असे तिने म्हटले होते. आईबापांनी पुढे हैतीत तो उभारला. त्यात ३३ मुली आणि ३३ मुलगे यांची सोय केली.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये जो भूकंप झाला त्यात सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी मेजर रणवीरसिंग जामवाल यांच्या नेतृत्वाखालील भारतीय लष्कराचे एक पथक एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर होते. गिर्यारोहकांनी वर टाकलेला ४,००० किलो कचरा खाली आणण्याचा संकल्प या मोहिमेने केला होता. म्हणजे तेही सेवाकार्यच. पुमोरीच्या अंगाने आलेल्या हिमप्रपाताने तळ उद्ध्वस्त केला. परंतु हे जवान वाचले आणि त्याच क्षणी कामास लागले. जखमींवर त्यांच्या डॉक्टरने उपचार केले, बर्फाखालून मृतदेह काढले. आपत्तीत सापडलेली माणसे दोन्हीकडे होती. एव्हरेस्टवरील माणसांपाशी तंबू, औषध, दोर, शिस्त, आणि कोण कोठे आहे याची यादी होती.

यादी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. सद्भावनेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, यादीविषयी कोणी बोलत नाही. नेपाळात देशोदेशीची शोधपथके धावली. त्यांनी जिवंत बाहेर काढलेल्या माणसांची संख्या वीसच्या आत आहे. बाकीच्यांस शेजाऱ्यांनी आणि स्थानिक जवान-पोलिसांनी, पहिल्या काही तासांतच, हातांनी काढले. काठमांडूच्या विमानतळास धावपट्टी एकच. मदतीची विमाने आकाशात घिरट्या घालीत राहिली. ४ मे रोजी नेपाळ सरकारने परकी शोधपथकांस परत जाण्याची विनंती केली. कसलेल्या पथकांची जेथे ही गत, तेथे चार आठवड्यांच्या उमेदवाराचे काय होईल? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते काही चार आठवड्यांसाठी नव्हे. ते तेथील भाषा शिकले, तेथील डॉक्टर घडविले, आणि १९४२ साली तेथेच वारले. सर्वांनी कोटणीस व्हावे असा आमचा आग्रह नाही. परंतु अल्पकाळ जाणाऱ्याने आपण कोणाच्या हाताखाली काम करणार, हे तरी विचारून घ्यावे.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्या ज्या कामगारांस स्थलांतराची अनुमती घ्यावी लागते, त्यांस प्रवासी भारतीय बिमा योजनेचा १० लाख रुपयांचा विमा सक्तीचा आहे. सरकारने हे उत्तम केले. परंतु सेवेस जाणारी परिचारिका मजुरी घेत नाही, म्हणून ती या योजनेत बसत नाही. नेपाळच्या बाबतीत तर आणखी मौज अशी की तेथे जावयास भारतीयास व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर भागते. शेजारधर्म म्हणून हे भूषणावह आहे. परंतु रस्त्याने सीमा ओलांडून गेलेल्याचे नाव कोठेही लिहिलेले नसेल, अशी शक्यता त्यातच आहे. वकिलातीत नाव नोंदविता येते. नोंदविण्याची सक्ती नाही, आणि आठवण कोणी करून देत नाही. २०१५ साली महाराष्ट्रातील कितीतरी घरे दूरध्वनीपाशी बसून होती, कारण आपले माणूस काठमांडूत आहे की पोखऱ्यात, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. सर्वांत जवळचा परदेश, आणि तेथील नोंदच सर्वांत पुसट!

ही जबाबदारी पाठविणाऱ्या संस्थांची आहे. आपल्याकडे निरोपसमारंभाचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून यावे याची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी परतीच्या वाटेची वाहिली जात नाही. (ती छायाचित्रे आम्हीच छापतो, हा दोष आमच्या पदरी आहेच.) तुकडी निघण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, रक्तगट, रोजचा मुक्काम आणि घरचा दूरध्वनी असलेला कागद वकिलातीत आणि घरी, दोन्हीकडे पोहोचला पाहिजे, डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरविण्याचा खर्च भागेल असा विमा काढला पाहिजे, आणि अनर्थ घडल्यास घरच्यांशी बोलण्याचे काम एकाच माणसाकडे असले पाहिजे, म्हणजे हैतीसारखा निरोप कोणास जाणार नाही. ज्या संस्थेस एवढे जमत नाही तिने माणसे पाठवू नयेत. असा नियम सरकारने केला तर सेवेचा ओघ आटेल, ही भीती आम्हांस पटत नाही. खाडी ओलांडणाऱ्या होडीवाल्यास आपण उतारू मोजावयास लावतोच की.

केजच्या स्नेह्यांस आम्ही कळविले आहे की, मुलीस जाऊ द्यावे. ती परिचारिका आहे, रिकाम्या हातांनी जात नाही. आपल्या त्या ट्रकपेक्षा तिची तयारी कितीतरी बरी आहे. मात्र आधी संस्थेकडून तो कागद आणि विम्याची प्रत मागून घ्यावी, आणि किल्लारीची हकीकत तिला सांगावी. काल त्यांचा दूरध्वनी आला होता. हकीकत सांगून झाली आहे. कागदासाठी त्यांनी संस्थेस दोनदा लिहिले. अद्याप उत्तर नाही. तुकडी निघावयास अठरा दिवस उरले आहेत.